बधिर पायांची वहाण

सेवाग्राम आश्रमात बापूकुटीपासून थोड्याच अंतरावर परचुरे कुटी आहे. दत्तात्रेय परचुरेशास्त्री हे संस्कृतचे गाढे पंडित. येरवड्याच्या तुरुंगात त्यांची गांधीजींशी ओळख झाली होती. अंगावर कुष्ठरोग पसरलेल्या अवस्थेत ते 1939 साली वर्ध्याजवळच्या या आश्रमात आले. तेव्हा गावाचे नाव अजून शेगाव होते. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ होऊ लागल्याने 1940 मध्ये ते सेवाग्राम झाले. ज्या रोग्याला लोक वेशीबाहेर काढत, त्याच्यासाठी गांधीजींनी आपल्या शेजारी कुटी बांधवली आणि रोज स्वतःच्या हाताने त्याचे अंग चोळले, जखमा पाहिल्या. त्या काळी औषध म्हणून हाताशी होते ते मुख्यतः कडू कवठाचे तेल. रोग मुळापासून बरा करणारे काही नव्हते.

त्याच 1939 मध्ये आणखी दोन गोष्टी घडल्या. मद्रासकडच्या डॉ. जोसेफ खान यांनी ‘लेप्रसी इन इंडिया’ या नियतकालिकात लिहिले, की कुष्ठरोग्याच्या तळव्यावरची चिघळलेली जखम प्लास्टरमध्ये बसवली आणि रोग्याला चालू दिले, तरी ती भरून येते. आणि दक्षिण आफ्रिकेतून जनरल स्मट्स यांनी चपलांचा एक जोड गांधीजींना परत पाठवला. 1913 च्या तुरुंगवासात गांधीजींनी तो स्वतः शिवून स्मट्सना भेट दिला होता. हे काम ते हरमन कॅलनबाख या मित्राकडून शिकले, आणि कॅलनबाख मारियानहिलच्या ट्रॅपिस्ट मठात. प्लास्टर, चप्पल आणि सेवा या तीन वाटा त्या वर्षी एकमेकींना ओळखतही नव्हत्या. पुढे त्या एका पायापाशी येऊन मिळाल्या, आणि पायाची आजची शास्त्रशुद्ध निगा तिथून सुरू झाली.

वर्ध्यात सेवेची वाट आधीच तयार होती. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी 1936 साली दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी वसाहत उभी केली. हे काम तोवर जवळजवळ सगळे मिशनऱ्यांच्या हातात होते. दिवाण डॉक्टर नव्हते. जखमा धुणे, पट्ट्या बांधणे ते करता करताच शिकले. परचुरेशास्त्रीही शेवटी दत्तपूरलाच राहिले आणि 1945 मध्ये गेले. जवळच्या नालवाडीत गोपाळराव वाळुंजकरांचे चर्मालय होते. मेलेल्या जनावरांचे कातडे तिथे कमावले जाई. ज्या कामाला गाव शिवत नव्हते आणि ज्या रोग्याला गाव शिवत नव्हते, त्या दोघांचा प्रश्न वर्ध्याच्या परिसरात एकाच वेळी हाती घेतला गेला, ही गोष्ट फार मोलाची आहे.

पण जखम मुळात का होते? शेकडो वर्षे समजूत अशी होती, की कुष्ठरोगात मांस आपोआप सडते आणि बोटे गळून पडतात. डॉ. पॉल ब्रँड 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. त्यांनी हे पाय बारकाईने पाहिले आणि उलटेच सांगितले. रोगाचे जंतू नसा मारतात. घोट्याच्या आतल्या बाजूने जाणारी नस गेली, की तळवा बधिर होतो. घामही थांबतो, कातडे कोरडे पडते, टाचेला खोल भेगा जातात. मग खडा टोचला, काटा मोडला, चटका बसला, तरी माणसाला कळत नाही. आपण दुखरा पाय नकळत वाचवून चालतो. बधिर पायाचा माणूस त्याच जागेवर पुन्हा पुन्हा पूर्ण वजन टाकतो, आतले मांस चेचले जाते आणि वर घट्टा धरतो. रात्री झोपेत उंदरांनी बोटे कुरतडली तरी रोगी जागा होत नसे. म्हणून ब्रँड यांच्या केंद्रातून घरी जाणाऱ्या रोग्यांना मांजर दिले जाई.

दुखणे कळेनासे होणे हाच खरा आजार आहे, हे एकदा ध्यानात आल्यावर उपाय औषधाच्या बाटलीतून बाहेर पडून मोच्याच्या दुकानात गेला. वेल्लोर आणि करिगिरी इथल्या मंडळींनी नाना प्रकारची वहाण करून पाहिली आणि शेवटी मायक्रोसेल्युलर रबर निवडले. आरोग्य सेवकांच्या तोंडी ती झाली एमसीआर चप्पल. दिसायला साधी, पण तिच्यात विचार पुष्कळ आहे. आतला तळ मऊ, आणि त्याची परीक्षा चिमटीने करायची: अंगठा आणि तर्जनीत दाबल्यावर जाडी निम्मी झाली पाहिजे. खालचा तळ मात्र कडक, काटा आरपार येणार नाही असा. खिळा एकही नाही, सगळे शिवलेले किंवा चिकटवलेले. कारण झिजल्यावर वर आलेला खिळा या पायाला कळत नाही. अंगठ्याच्या बेचक्यात पट्टा नाही, तिथे घासून जखम होते. मागे टाचेला पट्टा हवाच, नाहीतर चप्पल वाटेत निसटून पडते आणि माणूस तसाच पुढे चालत राहतो.

प्लास्टरची पद्धतही ब्रँड यांनी सुधारून घेतली. पायाच्या आकाराशी तंतोतंत बसणाऱ्या प्लास्टरमुळे वजन साऱ्या तळव्यावर वाटले जाते. जखमेला जी विश्रांती हवी, ती चालता चालता मिळते.

1951 साली गांधी स्मारक निधीतून वर्ध्याला कुष्ठरोगाचे प्रतिष्ठान स्थापन झाले. डॉ. वारदेकरांच्या नेतृत्वाखाली त्याच्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक सेवाग्रामला निघाले. दवाखान्यात बसून रोग्याची वाट पाहायची नाही, हे त्यांनी ठरवले. कार्यकर्ते घरोघर जात, प्रत्येकाचे अंग तपासत, चट्टे दिसले की डॅप्सोन या औषधाच्या गोळ्या देत आणि घरच्यांना रोगाविषयी समजावत. पाहणी, शिक्षण आणि उपचार यांची ही सांगड पुढे राष्ट्रीय कार्यक्रमाने उचलली. अशा कामातून पायाची निगा खाटेवरून अंगणात आली. बादलीभर साध्या पाण्यात पाय बुडवून बसायचे, मऊ झालेला घट्टा वजरीने हलक्या हाताने घासायचा, पाय ओला असतानाच तेल लावायचे, रोज रात्री तळवा पाहायचा. विदर्भात कापसाच्या शेतात अनवाणी राबणाऱ्या माणसाला हे पटवणे सोपे नसते. त्यात ती चप्पल दुरूनच ओळखू येई. गावाला रोग कळेल या भीतीने अनेक जण ती घालत नसत. इथे चूक रोग्याची नव्हती, वहाण करणाऱ्यांची होती. पुढे ती बाजारातल्या चपलेसारखी दिसेल अशी करू लागले, तेव्हा ती पायात राहू लागली.

ब्रँड 1966 मध्ये अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे लक्षात आले, की मधुमेहींच्या तळव्यावरच्या जखमा अगदी याच जातीच्या आहेत. मधुमेहातही नसा जातात, पाय बधिर होतो आणि शेवट अनेकदा पाय कापण्यात होतो. वेल्लोरचे प्लास्टर आणि मऊ तळव्याची वहाण मग मधुमेहींकडे गेली. दहा ग्रॅम भाराला वाकणाऱ्या नायलॉनच्या धाग्याने तळव्याची संवेदना तपासतात, त्या धाग्याची मर्यादाही कारव्हिलच्या बर्क आणि सिम्स यांनी 1986 मध्ये अशाच बधिर पायांवरून ठरवली. आज शहरातल्या डायबेटिक फूट क्लिनिकात जे काही होते, त्यातले बरेचसे कुष्ठरोग्यांच्या पायांनी शिकवलेले आहे. हे ऋण तिथे कुणी फारसे बोलून दाखवत नाही. दाखवायला हवे.

इकडे सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय 1944 सालच्या डॉ. सुशीला नायर यांच्या छोट्या दवाखान्यातून वाढले आणि 1969 मध्ये तिथे वैद्यकीय महाविद्यालय आले. पण फक्त पायांचा डॉक्टर ही शाखा आपल्याकडे अजून रुजलेली नाही. कुरूप, भेगा, चिखल्या, नखुरडे घेऊन माणूस आधी न्हाव्याकडे किंवा औषधाच्या दुकानात जातो, किंवा घरीच ब्लेड चालवतो. धडधाकट पायाला हे एखादवेळी चालून जाते. बधिर पायाला नाही.

म्हणून घरात मधुमेह असेल, तर कुरूप ब्लेडने कापू नका आणि ते जाळणाऱ्या पट्ट्याही लावू नका. अंगणातही अनवाणी जाऊ नका. चप्पल घालण्याआधी ती उलटी करून झटका. रोज रात्री तळवा पाहा, वाकता येत नसेल तर खाली आरसा धरा. वर्षातून एकदा डॉक्टरांपुढे दोन्ही पाय उघडे करून धाग्याची तपासणी मागा. त्यांनी आपणहून केली नाही, तरी मागा. आणि ओळखीत कुणा कुष्ठरोग्याचे पाय बधिर असतील, तर त्याला सांगा, की एमसीआर चप्पल सरकारी आरोग्य केंद्रातून विनामूल्य मिळते.