जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवलं, मग एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कसा बनवायचा?

इंजिन स्वॅपच्या रील्स तुम्ही पाहिल्याच असतील. जुनी गाडी, नवं इंजिन आणि शेवटी तो आवाज. पण इंजिन आणि सायलेन्सरच्या मधल्या पाइपांबद्दल फार कोणी बोलत नाही. माझा पहिला मॅनिफोल्ड फसला आणि त्याचा त्रास माझ्या मामेभावाला झाला, म्हणून आज फक्त त्याच भागाबद्दल लिहितोय.

गाडी आजोबांची प्रीमियर पद्मिनी. तिचं मूळ १०८९ सीसीचं इंजिन जाम झालं होतं. त्या जागी आम्ही एमपीएफआय जिप्सीचं १२९८ सीसीचं जी१३बीबी इंजिन बसवलं. जिप्सीत ते उभं बसतं आणि पद्मिनीची मागची चाकं फिरतात, त्यामुळे जोडी जमते.

आधी एक सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेल्या गोष्टी आपल्या मनाने बदलता येत नाहीत. इंजिनाला हात लावण्याआधी आरटीओत विचारा. आमची गाडी शेतातल्या रस्त्यापुरतीच आहे.

मॅनिफोल्ड करतो काय?

चारही सिलिंडरमधला जळलेला वायू गोळा करून एका पाइपात सोडणं, एवढंच त्याचं काम. कंपनीचा मॅनिफोल्ड बहुतेक वेळा बिडाचा असतो. दणकट असतो, पण त्याचं तोंड त्याच गाडीच्या हिशोबाने वळवलेलं असतं. जिप्सीच्या मॅनिफोल्डचं तोंड नेमकं आमच्या नव्या इंजिन माउंटवर येत होतं. म्हणून नवा बनवणं भाग पडलं.

पहिला मॅनिफोल्ड का फसला?

आम्ही तो एका सायलेन्सरवाल्याकडून बनवून घेतला. दिसायला झकास! पण फ्लँज, म्हणजे हेडला बोल्टने बसणारी पट्टी, फक्त ५ मिमी जाडीची होती, आणि ती कशालाही न आवळता सलग वेल्डिंग केलं होतं. वेल्ड थंड होताना आकसतं, त्यामुळे पट्टी केळ्यासारखी वाकली. मधले दोन पोर्ट हेडला टेकले, पण पहिल्या आणि चौथ्या पोर्टजवळ फिलर गेजचं ०.८ मिमीचं पान आरामात आत जात होतं. "पॅकिंग बसलं की जाईल फट," असं आम्हाला वाटलं.

गार इंजिनवर टक-टक आवाज यायचा आणि गरम झाल्यावर कमी व्हायचा. आम्ही सोडून दिलं. मग एकदा पाऊस होता म्हणून काचा बंद करून चाचणी घेतली. मामेभाऊ शेजारी बसून ईसीयूचे आकडे बघत होता. पंधरा मिनिटांत त्याचं डोकं दुखायला लागलं आणि मळमळायला लागलं. "गाडी लागली असेल," असं तो म्हणाला. गाडी लागली नव्हती, तो कार्बन मोनॉक्साइड होता.

झालं काय, ते समजून घ्या. फटीतून वायू बाहेर येतो, पण दोन झटक्यांच्या मध्ये पाइपात दाब कमी झाला की बाहेरची हवा त्याच फटीतून आत ओढली जाते. पुढे बसलेल्या ऑक्सिजन सेन्सरला वाटतं की ऑक्सिजन जास्त आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. ईसीयू पेट्रोल वाढवतो. जादा पेट्रोल नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड आणखी वाढतो. गळती कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीच असल्यामुळे त्याचाही उपयोग होत नाही. त्यात जुन्या वायरिंगची भोकं आमच्या फायरवॉलच्या पत्र्याला तशीच उघडी होती. या वायूला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. त्या दिवशी आम्ही काचा उघडून लगेच खाली उतरलो, म्हणून निभावलं.

दुसऱ्या वेळी आकडे काढले

ए. ग्रॅहम बेल यांच्या फोर-स्ट्रोक ट्यूनिंगवरच्या पुस्तकातलं सूत्र वापरलं. पाइपाची लांबी इंचात = (८५० × ईडी ÷ आरपीएम) − ३. ईडी म्हणजे १८० अधिक पिस्टन तळाला पोचण्याआधी जितके अंश एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेवढे. मी ५० अंश आणि ५५०० आरपीएम धरले. उत्तर आलं साधारण ३२.५ इंच, म्हणजे ८२ सेंमी, आणि आतला व्यास ३२ मिमी.

८२ सेंमीचे चार पाइप पद्मिनीच्या बॉनेटखाली? अशक्य. म्हणून ४-२-१ पद्धत घेतली. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असल्यामुळे १ आणि ४ ची एक जोडी, २ आणि ३ ची दुसरी. चार पाइप ३८ सेंमीचे, पुढचे दोन ४४ सेंमीचे. बाजारात ३८ मिमी बाहेरच्या व्यासाचा, १.६ मिमी जाडीचा पाइप सहज मिळाला, आतून जवळपास ३५ मिमी. थोडा मोठा आहे, पण चालतो. लांबीतला दोन-तीन सेंमीचा फरक मी मनावर घेतला नाही. साध्या गाडीत तो जाणवणारही नाही.

खरं लक्ष द्यायचं ते तापण्याकडे. अर्धा मीटर साधा स्टीलचा पाइप ६०० अंशांनी तापला की साडेतीन मिमीच्या आसपास वाढतो. ३०४ स्टेनलेस ५ मिमीच्या पुढे जातं. हेड ॲल्युमिनियमचं, पण पाण्याने थंड राहतं, त्यामुळे त्याची वाढ फारच कमी. या ओढाताणीत वेल्ड तरी तडकतं, नाहीतर स्टड तुटतो. म्हणून फ्लँज १० मिमीची घेतली, मधली भोकं नेमक्या मापाची ठेवली आणि टोकाकडची लांबट केली, म्हणजे फ्लँजला सरकायला जागा राहते. इंजिन रबरी माउंटवर हलतं, म्हणून पाइप एकत्र आल्यावर लगेच जाळीचा फ्लेक्सी जोड टाकला.

फोन इथे कामाला आला

पोर्टांचं माप घ्यायला पॅकिंगचा फोटो काढला, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. फोन जवळ धरला तर कडा वाकड्या येतात. दोन मीटर लांब जा, झूम करा आणि फोन अगदी समांतर धरा. मग कागदावर खऱ्या मापात प्रिंट काढून पॅकिंगवर ठेवून तपासा. माझी पहिली प्रिंट २ मिमीने चुकली होती. प्रिंटरमधलं 'फिट टू पेज' बंद करायचं राहिलं होतं!

पाइपांचा मार्ग आधी पीव्हीसीच्या तुकड्यांनी बसवून बघितला. पाना आत जातो का, प्लग निघतो का, ब्रेकची नळी किती लांब राहते, हे तेव्हाच कळतं. मग गाडीवर फक्त टॅक मारले, तेही बॅटरी आणि ईसीयू काढून ठेवून. पूर्ण वेल्डिंग बाहेर, २० मिमी प्लेटला फ्लँज आवळून, एकदा या टोकाला तर एकदा त्या टोकाला. शेवटी मिलिंगवर फ्लँजची तोंडं सपाट करून घेतली. सेन्सर आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर झुकलेला ठेवला, म्हणजे त्यात पाणी साचत नाही.

फायरवॉलची भोकं रबरी ग्रोमेटने बंद केली. मग गार इंजिनवर टेलपाइपमध्ये ब्लोअर लावला आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी टाकलं. तिसऱ्या पोर्टखाली दोन बुडबुडे आले. नट पुन्हा आवळल्यावर थांबले. इंजिन दोन-तीनदा तापून गार झाल्यावर ते नट परत थोडे सैल सापडले, तेव्हा पुन्हा आवळले. मामेभाऊ आता शेजारी बसतो, पण काच अजून उघडीच ठेवतो.