परंड्याचा हबशी सासरा

🧵 धाराशिव जिल्ह्यातील परंड्याचा किल्ला पाहणारे बहुधा तोफा पाहून परततात. (विजापूरची प्रसिद्ध मुलूख-ए-मैदान तोफही १६३२पर्यंत येथेच होती.) परंतु या किल्ल्याच्या इतिहासात तोफांपेक्षा मोलाची गोष्ट आहे ती एका सोयरिकीची.

१६०० साली अकबराच्या फौजेने अहमदनगर जिंकले. निजामशाही संपली, असे मोगलांना वाटले. मलिक अंबर या हबशी सरदाराने मात्र राजघराण्यातील एक तरुण विजापूरहून आणला, मूर्तझा निजामशहा दुसरा म्हणून त्याला परंड्यात गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली.

या सोयरिकीचे वजन कळण्यासाठी अंबरचे पूर्वायुष्य पाहावे लागते. तो इथिओपियात जन्मला; मूळ नाव चापू. कोवळ्या वयात विकला गेला आणि बगदादमार्गे दख्खनेत आला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेज खान हाही हबशीच, आणि एके काळचा गुलामच!

लष्करी गुलामगिरीचे गणित निष्ठुर होते. मराठा सरदारामागे भावकी, गाव आणि वतन असे. हबशी शिपायामागे धन्यावाचून कोणीच नसे. म्हणून तर सुलतानांचा त्याच्यावर भरवसा. चंगेज खानाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. मग त्याने स्वतःचे घर उभारले. पत्नी बीबी करीमा. मुलगा फतेह खान, त्याच्यासाठी सून आणली विजापूरच्या याकूत खान या हबशी सरदाराची मुलगी.

परमुलखातील शिपायाची ही ओढ फार जुनी आहे. इजिप्तमधील गेबेलेन येथे सुमारे ४००० वर्षांपूर्वी नेनू नावाचा न्युबियन धनुर्धर राहत होता. बॉस्टनच्या संग्रहालयातील त्याच्या स्मृतिशिळेवर धनुष्य आहे, कुत्री आहेत आणि शेजारी पत्नी आहे. मात्र नेनू भाडोत्री सैनिक होता, विकला गेलेला नव्हे.

अंबरच्या घराला तो डाग सहज पुसता आला नाही. डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुक लिहितो की, सुलतानाच्या गोऱ्या पत्नीने अंबरच्या मुलीला वर्णावरून आणि गुलामीवरून हिणवले. मुलीने बापाला कळवले. १६१०मध्ये सुलतान आणि ती राणी दोघेही विषप्रयोगाने मरण पावले. राजकीय कारणे होतीच, कारण जावई सासऱ्याला जड झाला होता. तरीही समकालीनांना या अपमानाचे कारण पटण्याजोगे वाटले, हे विसरता येत नाही.

१६२६मध्ये अंबर वारला. खुलताबादेत त्याची कबर आहे, बीबी करीमाचीही आहे. ज्या निजामशाहीशी त्याने सोयरीक जोडली, तिचा दौलताबादचा किल्ला १६३३मध्ये मोगलांच्या स्वाधीन केला तो फतेह खानाने.