चाळीस प्रयोगांची वही

पदार्थविज्ञान आल्याची साक्ष कोणी द्यावयाची, धडा म्हणून दाखविणाऱ्या जिभेने की मोजमाप घेणाऱ्या हाताने, हा प्रश्न अमेरिकेतील शाळांत शतकाहून अधिक काळ पुनःपुन्हा उपस्थित झाला आहे. आणि तेथील वरच्या वर्गांच्या अभ्यासक्रमाचा इतिहास पाहू गेल्यास तो बहुतांशी या एकाच प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकात या विषयास तेथे निसर्ग-तत्त्वज्ञान म्हणत, आणि तो पुस्तकातूनच शिकविला जाई. डॉर्मन स्टील या ग्रंथकाराची त्या काळी लोकप्रिय असलेली शालेय पुस्तके आपल्या शीर्षकातच चौदा आठवड्यांत विषय आटोपण्याची हमी देत. विद्यार्थ्याने नियम मुखोद्गत करावा, शिक्षकाने तो म्हणवून घ्यावा, आणि फारच झाले तर मेजावर एखादा चमत्कार करून दाखवावा, असा एकंदर शिरस्ता होता.

हा शिरस्ता 1886 साली हार्वर्ड विद्यापीठाने मोडला. स्वतः रसायनशास्त्राचे अध्यापक राहिलेले अध्यक्ष चार्ल्स इलियट यांच्या कारकीर्दीत असे ठरले की, प्रवेशेच्छू विद्यार्थ्यास शाळेच्या प्रयोगशाळेत स्वहस्ते केलेले किमान चाळीस प्रयोग पदार्थविज्ञानाच्या पात्रतेसाठी रुजू करता येतील. मात्र त्यांची नोंदवही शिक्षकाच्या दाखल्यासह सादर करावी लागेल. प्रयोगांची तपशीलवार यादी सिद्ध करण्याचे काम एडविन हॉल यांच्याकडे आले. विद्यार्थिदशेतच, 1879 साली, सोन्याच्या पातळ वर्खातून वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहावर चुंबकाचा होणारा परिणाम ज्यांनी हुडकून काढला व ज्यांचे नाव त्या परिणामास कायमचे चिकटले, ते हे हॉल. काट्याच्या किंचित ढळण्यात केवढा अर्थ दडलेला असू शकतो हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. विद्यापीठाच्या या एका अटीने गावोगावच्या शाळांना प्रयोगशाळा उभारणे भाग पडले, आणि उपकरणांचे कारखानदार यादीबरहुकूम संच विकू लागले.

परंतु जी वही पाठांतरावरचा उतारा म्हणून आली, तीच कालांतराने पाठांतराचे नवे रूप धारण करू लागली. कशासाठी मोजावयाचे याची जिज्ञासा जागृत न करताच दशांशचिन्हापुढील अंकांचा आग्रह धरला जातो, अशी तक्रार वाढत गेली, आणि 1906 च्या सुमारास शिकागोचे चार्ल्स मॅन यांनी शिक्षकांत नवी चळवळ उभी करून विषय विद्यार्थ्याच्या नित्याच्या अनुभवाशी जोडावा असे प्रतिपादन केले. हेतू स्तुत्य होता. तथापि पुढील दशकांत पाठ्यपुस्तके यंत्रांच्या वर्णनांनी इतकी फुगली की, मोटारी व शीतकपाटे यांच्या गर्दीत मूळ शास्त्र दिसेनासे झाले.

त्यावर उपाय म्हणून 1956 साली एम.आय.टी.चे जेरॉल्ड झकारायस यांच्या पुढाकाराने एक समिती कामास लागली. पुढच्याच वर्षी, 4 ऑक्टोबर 1957 रोजी, रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि या कार्याला राष्ट्रीय निकडीचे स्वरूप आले. समितीचे पाठ्यपुस्तक 1960 साली निघाले. उपकरणे मुद्दाम साधी ठेवलेली होती: घंटेसारख्या ठोक्याने सरकत्या कागदी पट्टीवर ठिपके उमटविणारे कालमापक, हाताने फिरवावयाची खाचांची चकती, आणि काचतळाच्या उथळ पात्रातील पाण्यावर उठणारे तरंग. ठिपक्यांतील अंतरे मोजून त्वरण काढणाऱ्या मुलाला तो नियम कोणी सांगितलेला उरत नसे. तो त्याच्या पट्टीवर उमटलेला असे.

याच सुमारास, 1956 साली, महाविद्यालयीन पातळीचा अभ्यास शाळेतच करू इच्छिणाऱ्यांसाठी ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’च्या पहिल्या परीक्षा कॉलेज बोर्डाने घेतल्या. आज या योजनेतील पदार्थविज्ञानाच्या वर्गांत अध्यापनाचा किमान चतुर्थांश वेळ प्रयोगांसाठी मुक्रर असतो, लेखी परीक्षेतही प्रयोगाची आखणी करावयास सांगितले जाते. आणि महाविद्यालय कदाचित पाहावयास मागेल म्हणून आपली प्रयोगवही जपून ठेवावी असे विद्यार्थ्यास बजावले जाते. हॉल यांची वही अशी फिरून दारी आली आहे.

आपल्याकडे बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेस सहीशिक्क्याचे जर्नल घेऊन गेलेल्या कोणालाही ही कथा परकी वाटू नये. दोलकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण 9.4 आले असता 9.8 पासून उलटे गणित करून वाचने बसविणारा विद्यार्थी आणि चौदा आठवड्यांचे पुस्तक घोकणारा विद्यार्थी, हे दोघे एकाच पंक्तीचे. कारण दोघांनीही दुसऱ्याच्याच शब्दावर विश्वास ठेवलेला असतो. ज्या वहीत 9.4 तसेच राहते, आणि दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजावयास हवी होती, ती वरच्या आकड्यापर्यंतच मोजली गेली, एवढे त्याखाली प्रामाणिकपणे लिहिलेले असते, तिच्यावर शिक्षकाने निःशंक सही करावी. कारण 1886 साली मागितलेला दाखला नेमका याच गोष्टीचा होता.