वाळू वेचणारे नसराळे

ठिबकच्या पाण्यातून वाळू वेगळी काढणारा हायड्रोसायक्लोन फिल्टर म्हणजे खाली निमुळते होत गेलेले बंद नसराळे. जालना जिल्ह्यातल्या बदनापूर आणि परिसरातल्या मोसंबीच्या पट्ट्यात त्याची गरज उघड आहे. विहिरी आणि बोअर बेसाल्टच्या खडकातले. मोटर सुरू झाली की पाण्याबरोबर मुरमाची कचही वर येते. ड्रीपरमधली पाण्याची वाट जेमतेम एक मिलिमीटरची. ती चोक झाली तर भर बहरात झाड तहानलेले राहते आणि ते लक्षात येते पाने मलूल पडल्यावर.

नसराळ्याच्या वरच्या गोल भागात पाणी कडेने, स्पर्शरेषेत शिरते आणि भिंतीला धरून गरगरत खाली जाते. शंकू अरुंद होत जातो तसा फेरा लहान होतो, वेग वाढतो. जड कण भिंतीकडे फेकले जातात आणि घसरत खालच्या गाळटाकीत साठतात. पाण्याला मात्र खाली मोकळी वाट नसते. ते मध्यभागी वळते, त्याच दिशेने फिरत दुसऱ्या, आतल्या भोवऱ्यातून वर चढते आणि माथ्यावरच्या नळीतून बाहेर पडते. एकात एक असे हे दोन भोवरे हीच या यंत्राची खरी करामत. आत एकही फिरता भाग नाही.

या कल्पनेचे मूळ १९व्या शतकाच्या अखेरीस सापडते. हवेतली धूळ अशा शंकूने वेगळी करण्याची पेटंटे १८८०च्या दशकात अमेरिकेत निघाली. पाण्यासाठीचे पेटंट ब्रेटनी यांना १८९१ मध्ये मिळाले, तेही पाणी शुद्ध करण्यासाठीच. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे ते फारसे कोणी वापरले नाही. १९३९च्या सुमारास नेदरलँड्सच्या सरकारी कोळसा खाणींत ड्रिसेन यांनी त्याला कामाला लावले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते खनिज उद्योगात जगभर पसरले.

तरीही पोलादी भिंतीआड नेमके काय घडते, हे फारसे कुणी मोजले नव्हते. ते १९५२ मध्ये केल्सॉल यांनी दाखवले. त्यांनी पारदर्शक प्लॅस्टिकचे नसराळे बनवले, पाण्यात ॲल्युमिनियमचे बारीक कण सोडले आणि सूक्ष्मदर्शकातून त्यांचा वेग मोजला. मध्याकडे जाताना वेग वाढतो, पण घर्षणामुळे गणिताने सांगितला तितका नाही. अगदी आतल्या गाभ्याजवळ तो पुन्हा घटतो. अंदाजाने बनणाऱ्या नसराळ्याला यामुळे मोजमापाचा आधार मिळाला.

महाराष्ट्रात ठिबक १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात रुजले आणि त्याच्याबरोबर हा फिल्टर शेतावर आला. ब्रेटनींच्या मूळ कामाकडे तो असा परतला. बदनापूरच्या पट्ट्यात त्याचे मोल अधिक, कारण हा मोसंबीचा मुलूख: इथे मोसंबी संशोधन केंद्र आहे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०१२-१३च्या दुष्काळात याच जिल्ह्यात बागा उभ्या वाळल्या होत्या, त्यामुळे पाण्याचा थेंब झाडापर्यंत पोचणे ही इथे चैनीची गोष्ट नाही.

फिल्टरचा आकार मोटरीच्या प्रवाहाशी जुळावा लागतो. मोटर लहान आणि फिल्टर मोठा असेल तर भोवरा मंदावतो आणि वाळू पाण्याबरोबर पुढे निघून जाते. गाळटाकी वेळच्या वेळी उघडून धुतली नाही तरी तेच. शेवाळ आणि काडीकचरा पाण्याइतकेच हलके, त्यामुळे ते भिंतीकडे फेकले जात नाहीत. म्हणून शेततळ्याच्या पाण्याला वाळू भरलेला फिल्टर लागतोच, आणि त्यापुढे जाळीचा किंवा चकत्यांचा.