दोन चाकांचा तंटा : डिफरन्शियलची कुळकथा



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो बोनस, महागाई आणि संप यांवर बोलणार, असे आपण धरून चालला असाल. आज तो विषय नाही. मोटारीच्या मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्याविषयी मी बोलणार आहे. गॅरेजवाले त्याला नुसते डिफरन्शियल म्हणतात. माझे शिक्षण शाळेपेक्षा कारखान्याच्या खात्यात अधिक झाले, आणि पुढचे वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा विद्वत्तेचा दावा नाही. परंतु या गोळ्याच्या पोटात दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला पुष्कळसा भाग हाताने काम करणाऱ्यांनी घडविला आहे, एवढे मला ठाऊक आहे.

मूळ अडचण काय ती प्रथम पाहू. बैलगाडीला ही अडचण कधीच आली नाही, कारण तिचा आस स्थिर असतो आणि दोन्ही चाके त्यावर आपापल्या मर्जीने फिरतात. ओढण्याचे काम बैल करतात. यंत्राची गाडी आली आणि आसालाच चाके फिरविण्याचे काम लागले, तेव्हा तंटा सुरू झाला. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला लांबचा रस्ता पडतो. दोन चाकांत सव्वा मीटर अंतर असेल, तर गाडीने एक पूर्ण फेरी मारताच बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जवळजवळ ८ मीटर जास्त चालते. वर्तुळ मोठे असो की लहान, हा फरक तेवढाच राहतो. कागदावर मांडून पाहावे. आता दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बसविली असतील, तर एकाला फरफटत जाणे भाग पडते. टायर झिजतात, आसावर पीळ बसतो आणि गाडी वळायला राजी नसते.

यावर तोड काढली ती पॅरिसमध्ये. ओनेसिफोर पेकर हा मूळचा घड्याळजी. तेथील कला व उद्योग संग्रहशाळेत तो काम करीत असे. वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी १८२७-२८ च्या सुमारास त्याने दातेरी चक्रांची अशी जुळणी केली की, जोर दोन्ही चाकांना मिळावा, पण वेग मात्र ज्याचा त्याला ठरविता यावा. घड्याळजीलाच हे सुचावे यात मला नवल वाटत नाही. दात्याला दाता कसा भिडतो हे जो दिवसभर भिंगातून पाहतो, त्याला लहानाचे मोठे करणे अवघड नसते.

पुढचे नाव कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीचे. हा शेतकऱ्याचा मुलगा, शिवणयंत्राच्या कारखान्यात फोरमन झाला आणि तेथून सायकलीकडे वळला. दोघांनी शेजारी शेजारी बसून चालवायची गाडी तो आपल्या मुलाबरोबर चालवीत होता. प्रत्येकाच्या पायाखाली आपापले चाक. मुलगा जवान, त्याचा जोर जास्त. गाडी एका अंगाला वळली आणि बापलेक खाजकुइलीसारख्या झुडपात जाऊन पडले, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, १८७७ साली स्टार्लीने आपल्या गाडीला डिफरन्शियल बसविले हे मात्र खरे. १८८१ साली व्हिक्टोरिया राणीने त्याच्या दोन तीनचाकी मागविल्या. त्याच वर्षी तो वारला. कॉव्हेंट्रीच्या लोकांनी त्याचे स्मारक उभारले आहे. फोरमनचे स्मारक उभारणारी गावे जगात फार नाहीत.

मोटारी आल्या तेव्हा ही युक्ती त्यांना आयती मिळाली. काही हट्टी मंडळींनी ती नाकारली. इंग्लंडातील फ्रेझर नॅश ही साखळीवर चालणारी स्पोर्ट्स कार दोन महायुद्धांच्या मधल्या काळात डिफरन्शियलविनाच धावत असे. वळणावर तिचा मागचा भाग सरकायचाच, आणि चालविणाऱ्यांना त्यात गंमत वाटत असे. गंमत म्हणून ठीक आहे.

परंतु डिफरन्शियलमध्ये एक खोट आहे आणि ती त्याच्या गुणातूनच निघते. बैलांचे जू डोळ्यांसमोर आणा. जू मध्यावर बांधलेले असते, म्हणून दोन्ही बैलांकडून सारखीच ओढ घेता येते. एक बैल मट्ठ पडला की जू तिरके होते आणि दुसऱ्याचाही जोर फुकट जातो. डिफरन्शियलचे तसेच आहे. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, म्हणून ज्या चाकाची पकड कमी त्याच्या मापाने दोघांना मिळते. पावसाळ्यात चिखलात रुतलेली एस. टी. आपण पाहिली असेल. एक चाक गरगर फिरून चिखल उडवीत असते आणि कोरड्या जमिनीवरचे दुसरे चाक स्वस्थ उभे असते. लोक ड्रायव्हरला बोल लावतात. दोष त्याचा नसतो.

आता शर्यतीची गाडी घ्या. वळणावर वजन बाहेरच्या चाकांवर जाते, आतले मागचे चाक हलके होते, आणि चालकाने एंजिनाचा जोर वाढविला की ते जागच्या जागी फिरू लागते. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत हा प्रश्न ऐरणीवर आला. ऑटो युनियन या कंपनीसाठी फर्डिनांड पोर्श यांनी सोळा सिलिंडरांची, एंजिन चालकाच्या पाठीमागे असलेली गाडी आखली. तिची ताकद इतकी की, ताशी १६० किलोमीटरच्या वेगापर्यंत मागचे एक चाक घसरून फिरू शके. पोर्श यांनी १९३५ साली झेड. एफ. या कारखान्याकडे तोड मागितली. झेपेलिनच्या हवाई जहाजांसाठी दातेरी चक्रे करण्याकरिता १९१५ मध्ये निघालेला हा कारखाना. त्याने सरकणाऱ्या खुंट्या आणि उंचवटे यांची अशी रचना केली की, दोन चाकांच्या वेगात फार फरक पडू लागताच आत घर्षण वाढावे आणि पळणारे चाक आवरले जावे. लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल म्हणतात ते हेच. आपण त्याला 'आवरते डिफरन्शियल' म्हणू.

येथे थोडे विषयांतर करतो. ऑटो युनियन या नावातले 'युनियन' म्हणजे कामगारांची युनियन नव्हे. ती १९३२ साली झालेली चार कंपन्यांची जूट. कामगारांच्या खऱ्या युनियनांच्या कचेऱ्यांवर २ मे १९३३ रोजी नाझींनी धाड घातली, पुढाऱ्यांना पकडले आणि चळवळ मोडून टाकली. शर्यतीच्या गाड्यांना मात्र त्याच सरकारकडून पैसा मिळत होता. शर्यतींच्या पुस्तकांत चषकांची यादी असते, ही तारीख नसते. म्हणून सांगितली. आणि पुढे ही शर्यतीची युक्ती १९४० पासून जर्मन सैन्याच्या क्यूबेलवागन गाडीत, चिखल तुडविण्यासाठी गेली, हेही लक्षात ठेवावे.

युद्धानंतर आवरते डिफरन्शियल बाजारात आले. अमेरिकेत १९५६ च्या पॅकार्डला ते मिळू लागले आणि लवकरच इतरांनाही. इंग्लंडात जॅग्वारने ते घेतले. १९५९ ची मार्क टू, तिचे ३.८ लिटरचे मोठे एंजिन, आणि १९६१ ची ई-टाइप यांच्या आसात चकत्यांचे पॉवर-लॉक असे. जॅग्वारही कॉव्हेंट्रीचीच, म्हणजे स्टार्लीची युक्ती त्याच्याच गावात पुन्हा दुरुस्त झाली.

मला हे प्रश्न विचारले जातात ते याच काळातल्या गाड्यांमुळे. एकाने जुनी स्पोर्ट्स कार हौसेने सांभाळली आहे, तिला आवरते डिफरन्शियल बसवायचे, कोणते घ्यावे? एमजीबी ही गाडी उदाहरणाला घेऊ. १९६२ पासून १९८० पर्यंत ॲबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांवर गाड्या झाल्या. कारखाना बंद करण्याची घोषणा सप्टेंबर १९७९ मध्ये झाली आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरात शेवटची गाडी बाहेर पडली. ताकद सुमारे ९५ अश्वशक्ती, मागे सलग आस आणि पाटे. रस्त्यावरच्या या गाड्या साध्या, उघड्या डिफरन्शियलनेच बाहेर पडल्या.

निवड मुख्यतः तीन जातींतून करावयाची असते. पहिली चकत्यांची. गाडीचा जोर आडव्या खुंट्यांवर येतो, खुंट्या तिरक्या खाचांत सरकतात, कड्या दूर ढकलल्या जातात आणि चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात. जितका जोर तितकी मिठी. शिवाय आधीपासूनच थोडा दाब ठेवलेला असतो, त्यामुळे एक चाक अधांतरी गेले तरी दुसऱ्याला काहीतरी मिळते. डोंगरचढीच्या शर्यतीला हीच योग्य. पण चकत्या झिजतात, तेल विशेष प्रकारचे लागते आणि संथ वळणावर ती कुरकुर करते. शर्यतवाल्यांची ती एकमार्गी, दीडमार्गी, दोनमार्गी म्हणून भाषा असते. पाय उचलल्यावर चकत्यांनी धरावे की नाही, आणि धरावे तर किती, एवढाच तिचा अर्थ.

दुसरी जात दाट तेलाची. सिलिकोनच्या तेलात भोके पाडलेल्या चकत्या फिरतात. चाक घसरू लागल्यावर मग तेल जागे होते. म्हणजे थोडा उशीर आलाच. जपानच्या माझदा एमएक्स-५ या गाडीच्या १९८९ च्या पहिल्या, १.६ लिटरच्या पिढीला काही ठिकाणी हेच मिळे. डबा बंद असतो. तीस वर्षांनी ते तेल थकलेले असते आणि साध्या गॅरेजात त्याचा इलाज होत नाही. कोणी वापरलेले स्वस्तात देऊ केले तर घेऊ नये. १.८ लिटरचे एंजिन आल्यावर माझदानेच तिसऱ्या जातीकडे मोर्चा वळविला.

ती तिसरी जात नुसत्या दातेरी चक्रांची. अमेरिकेतील व्हर्नन ग्लीझमन यांना तिचे पेटंट १९५८ साली मिळाले. टॉर्सन हे नाव तिला पडले. इंग्लंडातील क्वेफचे डिफरन्शियल याच कुळातले, रचना निराळी. तिरक्या दात्यांची चक्रे जोर आला की आपल्या घरात बाजूला रेटली जातात आणि त्या घर्षणाने पळते चाक आवरते. कमी पकडीच्या चाकाला जेवढा जोर पेलतो, त्याच्या दुपटी-तिपटीपर्यंत दुसऱ्याला जातो. चकत्या नाहीत, साधे तेल चालते, वळणावर आवाज नाही. उणीव एकच : शून्याची तिप्पटही शून्यच. चाक पूर्ण उचलले गेले तर ती हतबल होते. हातब्रेक किंचित ओढून त्या चाकाला विरोध दिला तरच काही मिळते.

माझे मत विचाराल तर रस्त्यावर चालविण्याच्या एमजीबीला ही तिसरी जात घ्यावी. कारण सुरक्षिततेचे आहे आणि ते नीट समजून घेतले पाहिजे. ओल्या वळणावर उघड्या डिफरन्शियलचे आतले चाक फिरू लागते, पण बाहेरचे चाक रस्ता धरून राहते आणि गाडी सरळ राहते. हा त्या खोटीचाच एक उपकार आहे. चकत्यांचा दाब फार ठेवला तर दोन्ही चाके एकदम सुटतात, आणि मग मागचा भाग आडवा जातो. शर्यतीच्या मैदानावर तेथे गवत असते. रस्त्यावर तेथे समोरून येणारी मालमोटार असते. शेजारी दुकानातल्या तरुणाला सर्वांत कडक डिफरन्शियल हवे असते. त्याला हे सांगावे.

आणि त्याआधी टायर पाहावे, पाटे व शॉक ॲब्सॉर्बर पाहावेत. ९५ अश्वशक्तीच्या गाडीचे चाक कोरड्या रस्त्यावर वारंवार घसरत असेल, तर बहुधा रोग दुसरीकडेच असतो.

खर्चाचा हिशेब करताना लोक सुट्या भागाची किंमत धरतात आणि फिटरची मजुरी विसरतात. क्राउन आणि पिनियन ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून जुळविलेली असते. क्राउन जुन्या घरातून काढून नव्यावर बसवायचा, बेअरिंग प्रेसवर चढवायची, शिम घालून दात्यांमधली मोकळीक इंचाच्या काही हजारांशापर्यंत जुळवायची, मग दात्यांना निळे लावून फिरवून डाग कोठे उमटतो ते पाहायचे. डाग कडेला पडला की सारे पुन्हा उघडायचे. हे काम अर्ध्या दिवसात उरकून देतो म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नये. नीट न बसलेले आवरते डिफरन्शियल काही आठवड्यांतच रडू लागते, आणि मग दोष मालाला दिला जातो.

आपल्या गाडीचा आस कोणत्या घडणीचा, हे माल मागविण्यापूर्वी पाहून घ्यावे. सुरुवातीच्या एमजीबीचा आणि नंतरच्यांचा आस एक नव्हे. जुने घर, त्यातील लहान चक्रे आणि शिम तेल लावून कापडात बांधून ठेवावीत, वर गाडीचा क्रमांक लिहावा. पुढच्या मालकाला गाडी मूळ स्वरूपात हवी असेल, तर ते त्याला लागतील.