तळटीप ७ : ‘विटांचे घर’

७. सफोक परगण्यातल्या सडबरी गावी चित्रकार थॉमस गेन्सबरो (जन्म १७२७) ज्या घरात जन्मला, त्याला लेखकाने ‘विटांचे घर’ म्हटले आहे. रस्त्यावरून तसेच दिसते, पण विटा तोंडदेखल्याच आहेत. मूळ घर सोळाव्या शतकातले, लाकडी सांगाड्याचे. कापडाच्या धंद्यातले थॉमसचे वडील जॉन यांनी ते १७२० च्या दशकात घेतले आणि समोर तांबड्या विटांची दर्शनी भिंत चढवली. सरळ रेषेत बसवलेल्या उंच खिडक्या ही तेव्हाची प्रतिष्ठा; उघडे लाकूड म्हणजे गावंढळपणा.

अशा सांगाड्यात ओकचे ओले लाकूड वापरत. ते कापायला सोपे. एकाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत घालून लाकडी खुंटी ठोकायची, लोखंडी खिळ्याचे काम नाही. वाळताना लाकूड आकसते, म्हणून जुन्या तुळया वाकड्यातिकड्या दिसतात. खांबांमध्ये कूड : विणलेल्या काटक्यांवर माती, शेण, पेंढ्याचा लेप. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

लुईस गावात तर विटांऐवजी विटांसारखी दिसणारी कौलेच लाकडी भिंतींवर ठोकलेली आहेत. १७८४ चा वीटकर चुकवण्यासाठी ही युक्ती, असे हौसेने सांगितले जाते. ते पटत नाही. ही कौले त्याआधीपासून होती आणि कर कौलांवरही होता. घराच्या कोपऱ्याशी किंवा खिडकीच्या कडेला नीट पाहिले, की मात्र पितळ उघडे पडते. — संपा.