राष्ट्रीय महामार्ग 361 आणि चाकूर : मार्ग, बांधणी व प्रवेशाचा प्रश्न

प्रस्तावना

रस्त्याच्या इतिहासात लांबी, खर्च व पूर्णत्वाची तारीख यांची नोंद आवर्जून केली जाते. त्या रस्त्यावर कोणास व कोठून प्रवेश मिळतो, हा प्रश्न मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात चाकूरवरून जाणाऱ्या महामार्गाचा या दृष्टीने विचार केला आहे.

मार्गाची पार्श्वभूमी

1948 पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात असल्याने दळणवळणाचा ओढा हैदराबादकडे होता. 1911 मध्ये बार्शी लाईट रेल्वे लातूरपर्यंत आली. चाकूर तालुक्यातील लातूर रोड हे स्थानक विकाराबाद–परळी लोहमार्गावर आहे. तथापि लातूर व नांदेड यांना थेट जोडणारा लोहमार्ग झाला नाही; रेल्वेने परळी–परभणीचा वळसा घ्यावा लागतो. त्यामुळे चाकूर–अहमदपूर–लोहा हा रस्ताच या भागाचा मुख्य आधार ठरला. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात व 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. राजधानीची दिशा बदलली, तसे विदर्भ व पश्चिम महाराष्ट्राशी जोडणाऱ्या नागपूर–बोरी–तुळजापूर मार्गाचे महत्त्व वाढले.

चौपदरीकरण

2010 मध्ये राष्ट्रीय महामार्गांच्या क्रमांकांची नवी पद्धत अधिसूचित झाली. तीनुसार 361 हा महामार्ग 61 चा फाटा ठरतो; दोहोंची भेट नांदेड येथे होते. तुळजापूर येथे सुरू होणारा हा मार्ग औसा, लातूर, चाकूर, नांदेड, यवतमाळ व वर्धा असा बुटीबोरीस संपतो. चौपदरीकरणाचे काम टप्प्यांत विभागले गेले. त्यांपैकी औसा–चाकूर सुमारे 58 किलोमीटरचा व चाकूर–लोहा सुमारे 73 किलोमीटरचा होता. म्हणजे चाकूर हा दोन टप्प्यांचा सांधा ठरला.

महामार्ग आणि द्रुतगती मार्ग

इंग्लंडमध्ये 1949 च्या कायद्याने ठरावीक वाहनांसाठीच राखून ठेवलेल्या रस्त्यांची संकल्पना रूढ केली. 5 डिसेंबर 1958 रोजी खुला झालेला प्रेस्टनचा बाह्यवळण रस्ता हा तेथील पहिला मोटारमार्ग होय. महाराष्ट्रात हेच तत्त्व 2002 मध्ये पूर्ण झालेल्या 94.5 किलोमीटरच्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाने आणले. तेथे दुचाकी, ट्रॅक्टर व बैलगाडी यांना प्रवेश नाही.

महामार्ग 361 या प्रकारात मोडत नाही. त्यावर मालमोटारीबरोबर सोयाबीन घेऊन बाजार समितीकडे निघालेला ट्रॅक्टरही चालतो. वेगवान व संथ वाहतूक एकत्र आल्याने अपघाताचा धोका वाढतो, हे खरे. परंतु ज्याची जमीन रस्त्यात गेली, त्यास तो रस्ता वापरता येतो.

निष्कर्ष

नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्ग हा सुमारे 802 किलोमीटरचा प्रवेशनियंत्रित मार्ग म्हणून आखण्यात आला आणि जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यास मान्यता दिली. नांदेड व लातूर जिल्ह्यांचा त्यात समावेश होता आणि भूसंपादनास शेतकऱ्यांचा विरोधही झाला. या विरोधाचा विचार केवळ मोबदल्यापुरता करणे अपुरे आहे. प्रवेशनियंत्रित मार्गावर इंटरचेंजवरूनच चढता येते. दुभंगलेल्या शिवारास भुयारी मार्गावर विसंबावे लागते. म्हणून अशा मार्गाची आखणी करताना इंटरचेंज, सेवारस्ते व भुयारी मार्ग यांची ठिकाणे भूसंपादनापूर्वीच गावांसमोर मांडली जाणे आवश्यक ठरते. महामार्ग 361 च्या इतिहासातून मिळणारा हा धडा आहे.